पाऊल आधी पाहावे, मग धुवावे

घरच्या घरी पायांची निगा कशी राखावी, आणि कोणाच्या पायाला गरम पाणी व वजरी लावण्यापूर्वी थांबावे, याविषयी.

चेहऱ्यावर एखादा डाग उमटला तर त्याच दिवशी उपाय शोधणारी माणसे पायांकडे लक्ष देतात ती बहुधा दोनच प्रसंगी: घरात लग्नकार्य निघाले म्हणजे, किंवा टाचेच्या भेगेतून रक्त येऊ लागले म्हणजे. अलीकडे अमरावती-अकोल्यातील ब्युटी पार्लरांमुळे ‘पेडिक्युअर’ हा शब्द घरोघरी पोहोचला आहे. त्यात जे काही केले जाते, ते म्हणजे पाय भिजवणे, मृत त्वचा घासून काढणे, नखे कापणे आणि स्निग्ध पदार्थ चोळणे. हे सारे आपल्या न्हाणीघरात, घरातल्याच साधनांनी उत्तम रीतीने करता येते. मात्र त्याचा क्रम आणि त्याच्या मर्यादा ठाऊक असायला हव्यात. कारण ज्या कृतीने एकाची टाच मऊ होते, त्याच कृतीने दुसऱ्याच्या पायाला जखम होऊन ती महिनोन्‌महिने चिघळू शकते. हा फरक कोणता आणि तो घरी कसा ओळखावा, हे आपण या लेखात पाहू.

वऱ्हाडच्या पायांचे वेगळेपण

टाचेला भेगा का पडतात, हे आपल्या शेताकडे पाहूनच समजते. काळ्या रेगूर जमिनीतील ओल चैत्र-वैशाखात उडून गेली की माती आकसते आणि तिला हातभर खोल भेगा पडतात. त्वचेच्या सर्वांत वरच्या थराचेही असेच घडते. तळपायाचा हा थर शरीरात सर्वांत जाड असतो आणि त्याची लवचीकता त्यातील पाण्यावर अवलंबून असते. शरीराच्या इतर भागांत त्वचेखालच्या तैलग्रंथी स्निग्धता पुरवतात, त्यामुळे तेथील ओलावा टिकतो. तळपायाला मात्र तैलग्रंथी नाहीतच. तेथे केवळ घर्मग्रंथी आहेत. त्यामुळे तळपायाला लागणारे तेल बाहेरूनच द्यावे लागते. कोरडी झालेली टाच शरीराच्या भाराने दोन्ही बाजूंना पसरते आणि ताण न सोसल्याने चिरते. मागून उघडी असलेली चप्पल, दिवसभर उभे राहण्याचे काम, वाढलेले वजन आणि अनवाणी चालणे यांमुळे हा ताण वाढतो.

अकोल्यात उन्हाळ्यात पारा 44-45 अंशांवर जाणे नवलाचे नाही. त्यात कूलरपुढची कोरडी झुळूक आणि तापलेली फरशी यांची भर पडते. शिवाय आपल्याकडे पाण्याचा प्रश्न आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, अकोट, तेल्हारा या तालुक्यांच्या बऱ्याच भागात, विहिरीचे व बोअरचे पाणी खारट असते. अशा जड पाण्यात साबणाला फेस येत नाही. त्याचा साका त्वचेवर बसतो आणि त्वचा अधिकच ओढल्यासारखी होते. पायांची निगा राखताना आपण या पाण्याचा विचार केला पाहिजे. पुस्तकी कृतीत ‘पाण्यात मूठभर मीठ टाका’ असे सांगितलेले असले, तरी खारपाणपट्ट्यातील कुटुंबांना त्याची काहीएक गरज नाही. उलट शेवटचे धुणे एक तांब्या गोड्या पाण्याने करावे.

पायांच्या या तक्रारी नव्या नाहीत. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांच्या प्रकरणात तळपायाचे तीन विकार सांगितले आहेत. फार चालणाऱ्या माणसाच्या रूक्ष पायांना पडणाऱ्या वेदनायुक्त भेगा म्हणजे पाददारी. खडा वा काटा रुतून पुढे घट्ट गाठ होते ते कदर, म्हणजे आपले कुरूप. आणि दूषित चिखलाच्या स्पर्शाने बोटांच्या बेचक्यांत खाज व ओल धरते तो अलस, ज्याला आपण चिखल्या म्हणतो. उन्हाळ्यात भेगा, कापूस वेचणीच्या व पऱ्हाटी उपटण्याच्या दिवसांत काटे व धसकटे आणि पावसाळ्यात चिखल्या, असे वऱ्हाडातील शेतकरी कुटुंबाचे वर्षच जणू या तीन शब्दांत आले आहे.

पहिली पायरी: पाहणे

पाणी तापवण्यापूर्वी पाच मिनिटे पाय पाहण्यात घालवा. खिडकीपाशी, भरपूर उजेडात बसा. तळपाय स्वतःला दिसत नसेल, तर जमिनीवर आरसा ठेवून त्यावर पाय धरा, किंवा घरातील दुसऱ्याला पाहायला सांगा. चष्मा लागत असेल तर तो लावूनच पाहा. बोटांची प्रत्येक बेचकी उघडून पाहा. पायात जोडवी असतील तर ती काढून खालची त्वचा तपासा. जोडव्यांखाली ओल व मळ साचतो आणि पायाला सूज आल्यास तेच जोडवे बोटात रुतते. नखांना रंग लावलेला असेल, तर महिन्यातून काही दिवस तो पूर्ण पुसून नखाचा मूळ रंग पाहत जा.

काय शोधायचे? फोड, जखम, रक्त साकळल्याचा डाग, बेचकीतील पांढरी ओलसर त्वचा, पिवळे व जाड झालेले नख, कडेने मांसात शिरलेले नख, सुन्न चट्टा, तळव्यावर वाढत जाणारा काळा डाग. यांपैकी काही आढळले, तर त्या दिवशी भिजवणे-घासणे स्थगित ठेवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा. त्वचा अखंड असेल, पायाची संवेदना चांगली असेल आणि मधुमेह नसेल, तर पुढील कृती आपल्यासाठी आहे.

घरची कृती

पंधरा दिवसांतून एकदा, शक्यतो संध्याकाळी, पाऊण तास मोकळा ठेवा.

साहित्य मोजके आहे: घंगाळ किंवा रुंद टब, सौम्य साबण, वजरी, नेलकटर, मऊ सुती फडके, तेल किंवा पेट्रोलियम जेली आणि सुती मोज्यांचा जोड. टब आधी साबणाने घासून, धुऊन, कोरडा करून घ्या.

*भिजवणे.* पाणी कोमट असावे. हाताचे कोपर बुडवून पाहिले असता सुखद वाटावे. घोट्यापर्यंत पाय बुडतील इतकेच पाणी घ्या आणि त्यात थोडा साबण मिसळा. दहा मिनिटे पुरेशी होतात. त्याहून अधिक वेळ भिजलेली त्वचा फुगते, पांढरी पडते आणि घासताना सहज सोलवटते. पाय पाण्यात ठेवून दूरदर्शनवरची अख्खी मालिका पाहू नये, ती एवढ्याचसाठी.

*घासणे.* वजरी ही आपल्या न्हाणीतील जुनी वस्तू आहे. पूर्वी त्या ठिकाणी खापराचा तुकडा वापरत. वजरी व त्वचा दोन्ही ओली असताना, हलक्या हाताने, एकाच दिशेने टाचेच्या कडा घासा. सगळा घट्टा एकाच बैठकीत काढण्याचा हट्ट धरू नका. जाड त्वचा हे पायाचे संरक्षण आहे. ती पातळ करायची, संपवायची नाही. त्वचा गुलाबी दिसू लागण्यापूर्वीच थांबा. जे उरले ते पुढच्या पंधरवड्यात पाहता येईल. भेग खोल असेल, तर तिच्या कडा मऊ होईपर्यंत आठवडाभर नुसते तेलच लावा आणि मग घासा.

*नखे.* भिजवल्यामुळे मऊ झालेली नखे आता कापावीत. पायाची नखे सरळ रेषेत कापा. कडेचे कोपरे गोल करून आत कोरू नका. कोरलेला कोपरा पुढे वाढताना मांसात शिरतो आणि तेथे सूज, ठणका व पू होतो. नख बोटाच्या टोकाबरोबर ठेवा, त्याहून आखूड करू नका. नखाच्या मुळाशी असलेली पातळ त्वचा कापू नये व मागेही ढकलू नये. जंतूंना आत जाऊ न देणारे ते झाकण आहे. पायाचे नख महिन्याला सुमारे दीड मिलिमीटर वाढते. अंगठ्याचे नख समूळ नव्याने यायला वर्ष ते दीड वर्ष लागते. म्हणून नखाला बुरशी लागल्यास उपचारही अनेक महिने चालतात आणि ते मध्येच सोडल्यास रोग परततो.

*पुसणे.* या पायरीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. जुन्या सुती धोतराचे किंवा लुगड्याचे मऊ फडके घ्या आणि प्रत्येक बेचकी टिपून कोरडी करा. खसाखसा चोळू नका.

*तेल लावणे.* पाय पुसल्यावर दोन-तीन मिनिटांत, त्वचेत ओलावा असतानाच, टाच व तळव्याला तेल लावा. तेल स्वतः पाणी देत नाही. त्वचेत शिरलेले पाणी ते अडवून धरते. म्हणून कोरड्या ठणठणीत टाचेवर तेल चोळण्यापेक्षा धुतल्यानंतर लगेच लावलेले तेल अधिक गुणकारी ठरते. तिळाचे, खोबऱ्याचे किंवा एरंडीचे तेल, साधे पेट्रोलियम जेली, यांपैकी जे घरात असेल ते चालेल. महागड्या डबीची आवश्यकता नाही. फार जाड टाचांसाठी औषधाच्या दुकानात युरियायुक्त मलमे मिळतात. रोजच्या वापराला 10 टक्के आणि जाड घट्ट्याला 20 ते 25 टक्के युरियाचे प्रमाण उपयोगी पडते. उघड्या भेगेवर ते झोंबते, हे ध्यानात ठेवा. बेचक्यांमध्ये मात्र तेल वा मलम लावू नका. तेथे ओल हवीच कशाला?

तेल लावल्यावर मोजे घाला आणि विश्रांती घ्या. तेलकट तळव्याने फरशीवर चालणे वृद्धांना फार महागात पडते. घसरून मोडलेले कमरेचे हाड हे मऊ टाचेचे मोल ठरू नये.

चरकसंहितेत दिनचर्येत पादाभ्यंगाचा, म्हणजे पायांना तेल चोळण्याचा, समावेश आहे. रूक्षता, ताठरपणा, थकवा आणि भेगा यांवर तो हितकर मानला आहे. आपल्याकडील काशाच्या वाटीने तळवे घासण्याची पद्धत त्याच परंपरेतील. निरोगी पायाला ती सुखावह आहे आणि झोपेपूर्वी दहा मिनिटे आईचे वा आजीचे पाय चोळण्यात जो जिव्हाळा आहे, तोही मोलाचा आहे.

हे करू नये

टाच ब्लेडने तासू नये. पाते किती खोल गेले हे कळेपर्यंत रक्त आलेले असते. कुरूपावर लावायच्या औषधी पट्ट्यांत सॅलिसिलिक आम्ल असते. ते निरोगी त्वचाही जाळते, म्हणून वैद्यकीय सल्ल्यावाचून वापरू नये. लिंबाची फोड भेगांवर चोळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. लिंबाचा रस भेगेत झोंबतोच, शिवाय तो त्वचेवर असताना ऊन लागले तर भाजल्यासारखे फोड व काळे डाग पडतात. आपल्या उन्हात हा धोका अधिक. वितळलेले मेण आणि तेल एकत्र करून भेगांत भरण्याची जुनी रीत आहे. तसे करायचेच असेल तर मिश्रण पूर्ण थंड होऊन घट्ट झाल्यावरच लावावे. कढत मेणाने भाजलेला पाय भेगांपेक्षा अधिक दिवस घरी बसवतो.

घरातील सर्वांनी एकच वजरी व एकच नेलकटर वापरू नये. बुरशी व चामखीळ यांचा प्रसार अशा सामायिक वस्तूंमधून होतो. प्रत्येकाची वजरी वेगळी ठेवा, वापरल्यावर साबणाने धुऊन उन्हात वाळवा. नेलकटर स्पिरिटने पुसून घ्या.

पार्लरमध्ये जात असाल, तर साधनांच्या स्वच्छतेविषयी निःसंकोच विचारा. सन 2000 मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात एका नखप्रसाधन केंद्रात पाय भिजवलेल्या शंभराहून अधिक ग्राहकांच्या पायांवर गळवे उठली होती. पाणी घुसळणाऱ्या टबाच्या जाळीमागे साचलेल्या केस व मळात जंतू वाढले होते, असे तपासात आढळले. ज्या स्त्रियांनी त्यापूर्वी पायावरचे केस वस्तऱ्याने काढले होते, त्यांना हा संसर्ग अधिक झाला. कारण वस्तऱ्याने त्वचेवर सूक्ष्म चिरा पडतात. म्हणून पार्लरला जायच्या आदल्या दिवशी पायांवर वस्तरा फिरवू नये आणि टब आपल्या डोळ्यांदेखत घासून घ्यावा.

न दुखणारा पाय

आतापर्यंत सांगितले ते ज्या पायाला दुखते, टोचते, भाजते, त्या पायासाठी. पाणी जास्त गरम असेल तर असा पाय आपोआप मागे येतो. वजरी जास्त लागली तर तो आपल्याला थांबवतो. वेदना ही पायाची राखणदार आहे. ज्या पायाची ही राखणदारी गेली, त्याच्यासाठी वरची कृती धोक्याची ठरते.

हे ज्ञान वैद्यकशास्त्राला बऱ्याच अंशी कुष्ठरुग्णांच्या पायांनी दिले. अमरावतीकरांना तपोवन ठाऊक आहे. डॉ. शिवाजीराव तथा दाजीसाहेब पटवर्धन यांनी 1946 मध्ये तेथे जगदंबा कुष्ठनिवास उभारले आणि समाजाने दूर लोटलेल्या माणसांना घर व काम दिले. परतवाड्याजवळ कोठारा येथेही कुष्ठरुग्णांसाठी जुने रुग्णालय आहे. त्या काळी लोकांची समजूत अशी की कुष्ठरोगाने बोटे झडतात. तामिळनाडूत जन्मलेले आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम केलेले शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की रोग बोटे खात नाही. रोगाने मज्जातंतू निकामी होतात, संवेदना जाते आणि मग काटा, खडा, निखारा, चपलेचा खिळा किंवा एकाच जागी पडणारा दाब यांनी झालेली जखम रुग्णाला कळतच नाही. तो त्याच जखमेवर चालत राहतो. ब्रँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पायांसाठी मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या तळव्याच्या चपला प्रचारात आणल्या. पुढे अमेरिकेत गेल्यावर त्यांनी हाच विचार मधुमेहींच्या पायांना लावला.

संवेदना गेलेल्या कुष्ठरुग्णांना रोज करायला शिकवतात ती स्वयंसेवाही लक्षात घेण्याजोगी आहे: पाय पाहणे, साध्या थंड पाण्यात भिजवणे, जाड त्वचा खरबरीत दगडाने हलकेच घासणे आणि लगेच तेल लावणे. या रोगात पायाचा घाम आटतो व त्वचा फार सुकते, म्हणून तेथे भिजवण्याला महत्त्व आहे. आणि हे सारे प्रशिक्षित आरोग्यसेवकाने शिकवल्यानंतर, गरम पाणी कटाक्षाने टाळून करायचे असते. सौंदर्यासाठी म्हणून आपण जे पंधरवड्याला करतो, ते काही माणसे पाय वाचवण्यासाठी नित्य करीत आली आहेत.

आज आपल्या घरांत संवेदना हरवलेले पाय बहुतकरून मधुमेहाने येतात. वर्षानुवर्षे वाढलेली साखर पायांतील लांब मज्जातंतूंना प्रथम इजा करते. सुरुवातीला मुंग्या येतात, रात्री तळवे जळजळतात, गादीवरून चालल्यासारखे वाटते. नंतर काहीच वाटेनासे होते. आणि नेमके तेव्हाच रुग्णाला बरे वाटते! ‘मले तं काहीच दुखत नाही, मंग कायले दवाखान्यात नेता,’ असे घरातील आबाजी म्हणतात तेव्हा मुलासुनांनी निश्चिंत न होता अधिक सावध झाले पाहिजे. पायाला जखम दिसते आहे आणि ती दुखत नाही, ही आनंदाची बातमी नाही.

घरी करता येणारी स्पर्शपरीक्षा

इंग्लंडमधील इप्सविच येथील डॉक्टरांनी 2011 मध्ये एक अतिशय साधी परीक्षा मांडली. तिला कोणतेही उपकरण लागत नाही. मधुमेही व्यक्तीला मोजे काढून निजवा आणि डोळे मिटायला सांगा. स्पर्श जाणवला की उजवा किंवा डावा असे सांगायचे, हे आधीच समजावून द्या. मग आपल्या तर्जनीच्या टोकाने, पीस टेकावे तितक्या हलकेपणाने, एक ते दोन सेकंद क्रमाने स्पर्श करा: उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, उजवे मधले बोट, डावे मधले बोट. दाबू नका, टोचू नका, चोळू नका; एकदा चुकले म्हणून पुन्हा स्पर्श करू नका. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर त्या पायांची संवेदना मंदावली आहे असे समजून डॉक्टरांकडे जा. परीक्षा चांगली उतरली तरी मधुमेहींनी वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पाय तपासून घेणे आवश्यकच आहे.

संवेदना मंदावलेल्या किंवा मधुमेही पायाचे नियम असे:

रोज पाय पाहावे आणि धुवावे, पण भिजत ठेवू नयेत. पाण्याचा अंदाज त्या व्यक्तीने पायाने घेऊ नये; घरातील दुसऱ्याने कोपराने पाहावा.

वजरी, ब्लेड, कुरूपाची पट्टी, काशाच्या वाटीचा जोर, हे सारे टाळावे. घट्टा वाढल्यास तो डॉक्टरांकडूनच काढून घ्यावा. घट्ट्याखाली अनेकदा जखम दडलेली असते.

तळव्याला तेल वा मलम लावावे, बेचक्या कोरड्या ठेवाव्यात. दृष्टी अधू असल्यास नखे दुसऱ्याने कापावीत.

घरातही अनवाणी चालू नये. चप्पल घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा, काटा, खिळा नाही ना हे पाहावे. अंगठ्याची चप्पल बोटांच्या बेचकीत घासते. मागून पट्टा असलेली मऊ तळव्याची सँडल बरी.

हिवाळ्यात शेकोटीपाशी पाय धरू नयेत, गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपू नये. तंबाखू व विडी सोडावी. त्यांनी पायाचा रक्तपुरवठा घटतो आणि जखम भरत नाही.

चिखल, काटा आणि कावड

पेरणी-निंदणीच्या दिवसांत चिखल्या होऊ नयेत म्हणून शेतातून आल्यावर पाय धुऊन बेचक्या कोरड्या करणे, हाच मुख्य उपाय आहे. चिखल्या झाल्याच, तर बुरशीनाशक मलम डॉक्टरांनी सांगितलेले सर्व दिवस लावावे. खाज थांबली म्हणून सोडू नये. अनवाणी पायाने ओल्या मातीत वावरल्यास अंकुशकृमी त्वचेतून शरीरात शिरतात आणि त्यांनी रक्तक्षय होतो, म्हणून मुलांनाही पादत्राणे हवीत. धसकट किंवा बाभळीचा काटा रुतल्यास गंजक्या सुईने कोरू नका. जखम वाहत्या पाण्याने व साबणाने धुवा आणि धनुर्वाताच्या लसीविषयी आरोग्य केंद्रात विचारा.

श्रावणातील शेवटच्या सोमवारी अकोल्यात राजराजेश्वराला पूर्णेचे जल वाहण्यासाठी गांधीग्रामहून सुमारे 18 किलोमीटर कावड येते आणि असंख्य शिवभक्त अनवाणी चालतात. शेगावच्या पायी वाऱ्याही वर्षभर चालू असतात. ज्यांचे पाय धडधाकट आहेत त्यांनी आदल्या आठवड्यापासून टाचांना रात्री तेल लावावे, नखे दोन-तीन दिवस आधी कापावीत आणि परतल्यावर पाय धुऊन नीट पाहावेत. फोड आला असेल तर त्यावरची त्वचा ओढून काढू नये. मधुमेही भक्तांनी मात्र पादत्राणे घालूनच चालावे. पायाची जखम बरी होईपर्यंत मंदिराची पायरीही चढता येत नाही, हे घरच्यांनी त्यांना समजावून सांगावे.

कधी व कोठे दाखवावे

संवेदना नसलेल्या पायावर जखम, फोड किंवा काळसरपणा दिसला तर एक दिवसही थांबू नये. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम, लाल व सुजलेला वाटतो आणि तरी फारसा दुखत नाही, हेही तातडीचे लक्षण आहे. आतील हाडे खचत असू शकतात. चालताना पोटरीत कळ येऊन थांबल्यावर ती ओसरत असेल, तर रक्तवाहिन्या तपासून घ्याव्यात. एकाच पायाची त्वचा कोरडी, भुकटीसारखी सुटत असेल तर ती बुरशी असू शकते. महिनाभर नियमाने तेल लावूनही भेगा भरत नसतील, तर सोरायसिस, इसब किंवा थायरॉईडची कमतरता यांपैकी काही नाही ना, हे त्वचारोगतज्ज्ञांकडून पाहून घ्यावे. अंगावर सुन्न चट्टा आढळल्यास लपवू नका. कुष्ठरोगाचे औषध सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळते आणि वेळेवर घेतल्यास पाय सुन्न होण्याची वेळ टाळता येते.

अमरावतीत जिल्हा सामान्य रुग्णालय, म्हणजे आपले इर्विन, आणि अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सर्वोपचार रुग्णालय येथे तपासणीची सोय आहे. तिशी उलटलेल्यांची मधुमेहाची तपासणी गावातील आरोग्य केंद्रातही होते. आशाताईंना विचारल्यास दिवस कळेल.

पुढच्या सुट्टीच्या संध्याकाळी घंगाळ काढाल तेव्हा घरातील सर्वांना एकत्र बसवा. आधी प्रत्येकाचे पाय पाहा, मधुमेही वडीलधाऱ्यांची स्पर्शपरीक्षा करा, आणि मगच कोणी भिजवायचे व कोणी नुसते धुवून, टिपून, तेल लावायचे ते ठरवा. त्या दिवशीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, म्हणजे पुढचा पंधरवडा चुकणार नाही.